भात ठेव झाकून

जागेश्वर पहाटे सहाला गेला. सत्यभामाबाई चहाची कपबशी घेऊन खाटेपाशी आली तेव्हा त्याचा उजवा हात खाटेखाली लोंबत होता आणि तोंड उघडं होतं. लकवा मारल्यापासून चार वर्षं तिनं ते अंग रोज उठवलं, बसवलं, पुसलं होतं. त्यात जीव आहे की नाही हे तिला हात लावताच कळलं. तिनं बशी खाली ठेवली, जमिनीवर बसली आणि हंबरडा फोडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात अंगणातून रत्नमालेचा आवाज आला. "काकी, उठल्या का व? आज बारापर्यंतच हाय वोटिंग. मी सतरंजी टाकून राहिली."

सत्यभामाबाईनं तोंड मिटलं.

आता खैरबोडीत मयताची रीत काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर या बाईनं काय केलं ते कळायचं नाही. सानगडीच्या अलीकडचं हे दीडशे घरांचं गाव. इथं माणूस गेला की कोणी दारोदार सांगत फिरत नाही. घरच्या बाईनं पहिली आरोळी मारायची. ती ऐकून शेजारीण धावत येते आणि तिच्या आवाजात आपला आवाज मिसळते, मग तिची शेजारीण, आणि पाच मिनिटांत ती आरोळी तलावाच्या पाळीपलीकडं धानाच्या बांध्यांत पोचते. तिथं रोवणाऱ्या बाया हातातली रोपांची पेंडी टाकून चिखलातून वर येतात. चुली विझतात. टीव्ही बंद होतो, मोबाइल खिशात जातो, आणि माती होईस्तोवर गावात कोणी दुसरं काही करत नाही. ज्या घरात मयत आहे त्या घरात तर चुलीला काडी लावणंच पाप. आणि जागेश्वर म्हणजे काही ऐरागैरा नव्हता. चाळीस वर्षं दंडारीत, म्हणजे इकडच्या रात्रभर चालणाऱ्या नाचगाण्याच्या खेळात, गायलेला माणूस. त्याची आरोळी उठली असती तर सानगडीपासून पार अड्याळपर्यंत लोकांनी गाड्या काढल्या असत्या, आणि रविवारचे बारा कधी वाजले ते कोणाच्या ध्यानातही राहिलं नसतं.

उर्वशी गेली असती. म्हणजे स्पर्धेतून.

उर्वशी ही भूपेंद्रची पोरगी, दोन घरं सोडून राहणारी. सात वर्षांची असताना दंडारीची तालीम बघायला आली ती जागेश्वरच्या अंगणातून परत गेलीच नाही, असं तिची आई म्हणते. जागेश्वरला मूलबाळ नव्हतं. त्याची गाणी कुठल्या वहीतही नव्हती, कारण त्याला लिहिता येत नव्हतं आणि लिहिणाऱ्यांवर त्याचा भरवसा नव्हता. लकव्यानं त्याची वाचा गेली तेव्हा गाणी उरली ती फक्त उर्वशीच्या गळ्यात. तीच उर्वशी आता 'सुरों का सिंहासन' या देशभर दिसणाऱ्या कार्यक्रमात शेवटच्या सहांत होती. पहिल्या फेरीत तिथले चार नामवंत कोच गाणाऱ्याकडं पाठ करून बसतात आणि आवडलं तरच खुर्ची फिरवतात. जागेश्वरनं ते टीव्हीवर पाहिलं तेव्हा त्याच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं होतं. दंडारीत प्रेक्षकानं पाठ फिरवली की समजायचं, पुढच्या वर्षी या गावचं बोलावणं नाही.

तिच्यासाठी तीन खुर्च्या फिरल्या. पण ती गोष्ट जुनी झाली. मागच्या रविवारी सर्वांत कमी मतांच्या दोघांत तिचं नाव होतं आणि ती थोडक्यात वाचली. या रविवारी वाचली तर पुढच्या शनिवारी 'मातीचं गाणं' ही फेरी होती. प्रत्येकानं आपल्या गावचं एक गाणं म्हणायचं. उर्वशीनं जागेश्वरचंच गाणं कळवलं होतं. गाण्याखाली पडद्यावर त्याचं आणि गावाचं नाव येणार होतं. तिनं व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं, त्या दिवशी जागेश्वर संध्याकाळपर्यंत डाव्या हातानं खाटेच्या पाटीवर ठेका धरून पडला होता. आपलं गाणं एकदा टीव्हीवर ऐकायचं, एवढंच त्याचं राहिलं होतं. ते त्यानं सांगितलं नव्हतं, सांगता येत नव्हतं, पण सत्यभामाबाईला ते विचारायची गरज नव्हती.

ऐकणारा तर गेला. निदान गाणं तरी जाऊ नये, एवढाच विचार तिच्या डोक्यात आला, आणि तो काही फार शांतपणे आला असं नाही.  तिनं नवऱ्याचा हात वर उचलून छातीवर ठेवला, पाय सरळ केले, डोळे मिटवले. घोंगडी गळ्यापर्यंत ओढली. मयताच्या हनुवटीखालून फडकं घेऊन डोक्यावर गाठ मारतात, म्हणजे तोंड उघडं राहत नाही. तिनं फडकं हातात घेतलंही. पण कोणी दारातून नुसतं डोकावलं तरी त्या फडक्यावरून सगळं कळलं असतं. तिनं ते परत ठेवलं आणि त्याचं तोंड भिंतीकडं वळवलं.

"उठली व माय," ती बाहेर म्हणाली. "घसा बसला हाय माया, जोरानं बोलू नोको."

मत द्यायला सारं गाव याच अंगणात येत होतं, त्यालाही कारण होतं. खैरबोडीत नेटवर्क नीट मिळतं ते दोनच जागी, तलावाच्या पाळीवर आणि जागेश्वरच्या उंचवट्यावरच्या अंगणात. पाळीवर ऊन लागतं. त्यामुळं महिनाभर रविवारी इथं सतरंजी पडत होती. रत्नमाला ही गावची आशाताई. तिच्या मोबाइलात आजूबाजूच्या बारा गावांचे ग्रुप, कोणत्या गावातून किती मतं गेली ते तिला तोंडपाठ. देशाच्या मतांपुढं या बारा गावांची मतं ती केवढी, असं शहाणी माणसं विचारतील. विचारू द्या. मागच्या रविवारी उर्वशी वाचली ती यांच्याच बोटांनी, असं खैरबोडीत शाळेतल्या पोरालाही माहीत होतं.

सातपासून माणसं यायला लागली. उन्हाळी धानाची रोवणी सुरू होती, तेव्हा बाया बांधीत उतरायच्या आधी येऊन मत देऊन जात होत्या. काही उशिरा आल्या, चिखलाच्या पायांनी, आणि ओसरीखालीच उभ्या राहून बटणं दाबून गेल्या. आणि चहा. दर रविवारी सत्यभामाबाई सगळ्यांना चहा देत असे. आज चूल पेटली नाही तर पहिला प्रश्न तोच आला असता. ती पहाटेच्या चहानंतर विझलेल्या चुलीपुढं बसली. काडीची पेटी हातात घेऊन किती वेळ बसली कोण जाणे. मग पेटवली. मयताच्या घरातल्या चुलीवर तिनं साठ माणसांचा चहा केला, आणि तो सगळ्यांनी प्यायला, आणि साखर बरोबर पडली म्हणून दोघांनी नावाजलाही.

भूपेंद्र आत येऊ बघत होता. "काकाले सांगून येतो, काकी. उर्वशीनं सांगतलं, वोट द्याच्या आधी आज्याच्या पाया पडजा म्हनून."

सत्यभामाबाई दारात आडवी उभी राहिली. "रातभर झोपले नाई ते. आता डोया लागला. इथूनच पड."

भूपेंद्र भला माणूस. त्यानं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि गेला. तिला वाटलं, आपण आत्ता खाली बसणार. ती बसली नाही, कारण तिघी बाया रिकाम्या कपांसाठी हात पुढं करून उभ्या होत्या.

साडेनऊच्या सुमाराला रत्नमाला बीपीचं मशीन घेऊन सरळ मागच्या दारानं आत शिरली. ती तशीच येत असे. सत्यभामाबाई ओसरीवरून धावली तोवर ती खाटेपाशी पोचली होती.

"झोपले हायेत," सत्यभामाबाई म्हणाली.

"झोपले तरी पट्टा लावता येते, काकी. मले रजिस्टरात लिहा लागते." रत्नमालेनं घोंगडीखालचा हात धरला आणि धरूनच राहिली. दहा वर्षं या गावातली बाळंतपणं आणि मरणं तिच्या हाताखालून गेली होती. तिनं हात हळूच जागेवर ठेवला. "कधी?"

"सहाले."

"आन् तुमी चूल पेटवली?"

"तू बी चा पेली."

रत्नमालेनं मागचं दार लोटलं. बाहेर कोणीतरी ओटीपी येत नाही म्हणून बोंबलत होता. ती कुजबुजली, "काकी, हे बरं नाई. साऱ्या गावाले इटाळ होते. मी आशा हाव, मले सांगा लागते."

"मंग सांग," सत्यभामाबाई म्हणाली. तिचा आवाज आता खरंच बसला होता. "जा, बाहेर उभी राहून सांग. मी तुले अडवत नाई. पन मले येक सांगून जाय. आज ते पोरगी वापस आली, तं त्यायचं गानं कोन म्हनल? तुले येते? मले येते? मले तं अर्धंच येते."

रत्नमालेनं पदरानं डोळे पुसले. तिनं रजिस्टर उघडलं, जागेश्वरच्या नावापुढं पेन टेकवलं आणि बीपीची जागा कोरी सोडली. मग बाहेर जाऊन मोठ्यानं म्हणाली, "काका झोपले हायेत. कोनी आत जाऊन कल्ला करू नोका. अजून अड्याळचे वोट यायचे हायेत, फोन लावा त्यायले."

मला तर फक्त अर्धंच येतं, असं सत्यभामाबाई म्हणाली, ते खरंच होतं. रोवणीत बाया ओळीनं वाकून मागं मागं सरकत रोपं लावतात आणि गातात. त्यांतली एक अर्धी ओळ म्हणते आणि सोडून देते, उरलेली अर्धी बाकीच्या झेलतात. सोडणारीनं झेलायची ओळ कधी म्हणायची नसते. तिनं तेवढ्यात श्वास घ्यायचा आणि पेंडीतली पुढची रोपं वेगळी करायची. जागेश्वरनं आपलं गाणं याच रीतीनं बांधलं होतं. बांधीत उशिरापर्यंत राबणारा माणूस घरी निरोप धाडतो, असं ते गाणं. जागेश्वर ओसरीवर बसून सोडायचा:

*चिखलात रुतला पाय गा, घरी जाऊन सांग...*

आणि आतून, चुलीपासून, भाकरी थापता थापता सत्यभामाबाई झेलायची:

*...येतो मी मागून, भात ठेव झाकून.*

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून हे चाललं होतं. पुढं उर्वशी सोडू लागली, तरी झेलणारी तीच. पंधरा वर्षांत उर्वशीनं ती उरलेली अर्धी ओळ आपल्या तोंडानं एकदाही म्हटली नव्हती. मागच्याच आठवड्यात तिनं फोनवर विचारलं होतं, "आजी, दुसरी ओय कोन म्हनल? मॅम म्हनते, कोरस नाई भेटनार, सारं तूच गाय." तिची कोच म्हणजे मुंबईची फार मोठी गायिका, तिला सगळे मॅम म्हणत. सत्यभामाबाई म्हणाली होती, "मंग तूच म्हन. तोंड नाई का तुले?"

अकरा वाजता ताराचंद आला. हा जागेश्वरचा चुलत भाऊ, दंडारीतला ढोलकीवाला. मतं थोडी मंदावली होती आणि गावोगावच्या ग्रुपांवर एक व्हिडिओ टाकून लोकांना जागं करावं असं भूपेंद्रच्या मनात आलं. ताराचंदनं ढोलकी आणलीच होती. सतरंजीवर बायांचा घोळका बसला, भूपेंद्रनं मोबाइल धरला.

"वहिनी, या," ताराचंदनं हाक मारली. "मी सोडतो, तुमी झेला. दादाले बी आयकू येईल."

नाही म्हणायला जागा नव्हती. ती ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिली. ढोलकीवर थाप पडली. ताराचंदचा आवाज फाटका, पण वळण हुबेहूब जागेश्वरचं. *चिखलात रुतला पाय गा, घरी जाऊन सांग...*

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. सत्यभामाबाईचे ओठ सुटले आणि तिला आतून काहीतरी वर येताना कळलं. ती ओळ नव्हती. एकदा तोंड उघडलं की काय बाहेर पडेल याचा तिला काही भरवसा नव्हता, आणि अजून एक तास होता. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मान हलवली. ठेका दोन आवर्तनं तसाच वाजत राहिला. ओळ लोंबतच राहिली.

"घसा बसला हाय काकीचा," रत्नमाला घाईनं म्हणाली आणि तिनं स्वतःच बेसूर का होईना झेललं. बाया हसल्या. ताराचंद मात्र हसला नाही. चाळीस वर्षांत त्यानं या बाईला ती ओळ चुकवताना पाहिलं नव्हतं. तो ढोलकी मांडीवर तशीच धरून दाराकडं बघत बसला.

बारा वाजले. भूपेंद्रनं मोबाइल वर करून सांगितलं, "झालं बंद." अंगणात टाळ्या पडल्या. कोणी शिट्टी मारली. सत्यभामाबाई आत गेली, खाटेपाशी बसली आणि तिनं तोंड उघडलं.

काही आलं नाही.

तिनं छाती पिटली. त्याच्या नावानं हाक मारायचा प्रयत्न केला. सहा तास जे दाताखाली धरलं होतं ते आता बोलावूनही येईना. ती नुसतीच तोंड उघडं ठेवून बसली. बाजूला त्याचंही तोंड तसंच उघडं होतं. शेवटी रत्नमालाच दारात आली आणि तिनं आरोळी मारली. बाहेरच्या टाळ्या तिथंच थांबल्या.

गाव धावून आलं. पुरुषांनी जागेश्वरला खाली घ्यायला हात घातला आणि ताराचंदचा हात थबकला. अंग लाकडासारखं ताठ झालेलं. छातीवरचा हात हलेना. हनुवटीखालून फडकं घेऊन त्यानं गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढली, पण तोंड काही मिटेना. आत्ता पंधरा मिनिटांपूर्वी गेलेल्या माणसाचं असं होत नाही, हे तिथल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं. ताराचंदनं मान वर करून वहिनीकडं पाहिलं आणि गाठ सोडली.

त्याच वेळी भूपेंद्रचा फोन वाजला. झालं होतं असं, की या भल्या माणसानं दुःखाच्या भरात बातमी टाकली होती ती ज्या ग्रुपवर महिनाभर सगळं टाकत होता त्याच ग्रुपवर. ग्रुपचं नाव 'उर्वशीला वोट द्या'. आणि त्यात उर्वशीही होती. स्पर्धकांना रविवारी दुपारी तासभर मोबाइल देतात. मतांसाठी अख्ख्या जिल्ह्याला हलवणाऱ्या माणसाला एवढं सुचलं नाही.

"आजीले दे," उर्वशी रडत म्हणत होती. भूपेंद्रनं स्पीकर लावून फोन सत्यभामाबाईसमोर धरला. "आजी, मी येतो. चार वाजताचं विमान हाय नागपूरले. मी येईपर्यंत थांबवजा त्यायले."

"आन् संध्याकायच्या निकालाचं?"

"जाऊ दे संध्याकायचं. सोडून येतो मी."

"मंग वापस घेते का?"

 अंगणात शंभर माणसं ऐकत होती. उर्वशी म्हणाली, "नाई घेत. पन आज्याचं तोंड पाहू दे मले."

सत्यभामाबाईनं फोन भूपेंद्रच्या हातातून घेतला. तिला माणसं दिसत होती, सगळी ऐकताहेत हेही कळत होतं. पण दुसरं काही सांगून ती पोरगी थांबणार नव्हती.

"तुले कोनी सांगतलं आज्या बारा वाजता गेला म्हनून? तो सहाले गेला. सूर्य निंगाच्या आधी. मी सहा घंटे आरोयी नाई मारली. चूल पेटवली, साऱ्यायले चा पाजला. त्याचं तोंड बांधलं नाई, कोनाले समजल म्हनून, आन् आता ते मिटत नाई. हे सारं मी कायले केलं? तू आली तं दारात नाई घेणार तुले. समजलं का? तिथंच राय. शनिवारी गानं म्हन आन् मंगच ये."

तिनं फोन परत दिला. अंगणात आधी कोणाला काही उमगलं नाही, आणि मग सगळ्यांना एकदमच उमगलं. एक बाई चिखलाच्या पायांनी ओसरीवरून खाली उतरली आणि थुंकली. मग दुसरी. चहा प्यायलेली साठ माणसं होती त्यात.

जागेश्वरची माती झाली. तोंडावर पांढरं फडकं टाकून नेलं. लोक एरवी घाटावरच आंघोळ करून परततात, त्या दिवशी अर्ध्या गावानं घरी जाऊन पुन्हा आंघोळ केली. संध्याकाळी कळलं की उर्वशी वाचली. कोणी फटाका लावला नाही. ज्यांनी सकाळी बोटं झिजेस्तोवर मतं दिली, तीच माणसं आता म्हणू लागली की असल्या मतानं त्या पोरीचं भलं होणार नाही. लोकांचं काय घेऊन बसायचं, त्यांना दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पण नवरा घरात मरून पडला असताना गाण्यासाठी गप्प बसलेल्या, आणि नंतरही एक टिपूस न गाळलेल्या बाईबद्दल त्यांनी काय बोलावं अशी आपली अपेक्षा आहे? सत्यभामाबाई स्वतःबद्दल त्याहून वाईट बोलत होती, फक्त मनात. डोळे मिटले की तिला त्याचं उघडं तोंड दिसे. आपण ते बांधायला हवं होतं, असं तिला दिवसातून शंभरदा वाटे, आणि मग वाटे की बांधलं असतं तर उर्वशी गेली असती. दोन्ही खरं होतं आणि दोन्हींतून सुटका नव्हती.

सुतकात सोबतीला मोठी जाऊ गोदावरीबाई येऊन राहिली. तिनं पहिल्या दिवशी रीतीप्रमाणं घरून कडू घास आणून भरवला, रोज अंघोळीचं पाणी काढलं, अंथरूण घातलं. पण सहा दिवसांत ती सत्यभामाबाईशी एक शब्द बोलली नाही. दहा दिवस घरात टीव्ही लावायचा नव्हता, गाणं तर तोंडातून काढायचंच नव्हतं. शनिवारी संध्याकाळी दिवा लागल्यावर रत्नमालेनं आपल्या घरचा टीव्ही खिडकीकडं फिरवला आणि आवाज होता नव्हता तेवढा मोठा केला. तिचं घर भिंतीला भिंत लागून. गोदावरीबाईनं एकदा भिंतीकडं पाहिलं आणि वाती वळत राहिली.

आधी दुसऱ्या कोणाची तरी गाणी झाली. टाळ्या, जाहिराती. मग उर्वशीचं नाव पुकारलं. निवेदकानं जागेश्वरचं नाव घेतलं, थोडं चुकीचं घेतलं, आणि खैरबोडीचं अगदीच चुकीचं. सत्यभामाबाई मोकळ्या खाटेला टेकून बसली होती. वाद्यं थांबली आणि भिंतीपलीकडून तो आवाज आला, सात वर्षांची असल्यापासून याच अंगणात वाढलेला.

*चिखलात रुतला पाय गा, घरी जाऊन सांग...*

आणि उर्वशी थांबली.

पुढं काय झालं ते देशानं पाहिलं. पोरगी माइक धरून उभी होती, मान जराशी वळवून, कोणी आतून ओ देईल अशी. वाजवणाऱ्यांनी ठेका एकदा फिरवला, दोनदा फिरवला. एक कोच दुसऱ्याच्या कानाला लागला. नंतर मॅमनंही हळहळून सांगितलं की शब्द विसरणं या पायरीवर चालत नाही, आणि दुसऱ्या दिवशी उर्वशी बाद झाली. विसरली की सवयीनं सोडली की मुद्दाम, हे तिनं आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

सत्यभामाबाईला यातलं काही ऐकू आलं नाही. तिला एवढंच कळलं की ओळ सुटली आहे आणि ती झेलायची आहे. सुतक, रीत, शेजारी बसलेली जाऊ, काही आडवं आलं नाही. चाळीस वर्षांची सवय होती. तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "येतो मी मागून..."

पुढचे शब्द निघाले नाहीत. निघाला तो हंबरडा. रविवारी पहाटे सहाला जो निघायचा होता तो, मोठा, फाटलेला, संपता न संपणारा. तो भिंतीपलीकडं गेला, रत्नमालेनं टीव्ही बंद केला. तो गल्लीत गेला, तलावाच्या पाळीपर्यंत गेला. घराघरांत ताटावर बसलेल्या बायांचे हात थांबले.

गोदावरीबाईनं वाती खाली ठेवल्या. ती सरकत आली, सत्यभामाबाईचं डोकं मांडीवर घेतलं, आणि सहा दिवसांनी तोंड उघडून तिच्या आवाजात आपला आवाज मिसळला. मग पलीकडून रत्नमालेचा आला, मग तिच्या शेजारणीचा. पाच मिनिटांत सगळ्या गावात चुली विझल्या.